गावाचा वास : स्थलगंध आणि मराठीची गंधवाचक शब्दसंपत्ती

परगावी उतरलेल्या माणसास त्या गावाचा म्हणून एक वास येतो, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. वेसाव्याच्या किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर वाळत घातलेल्या बोंबलांचा, पंढरपुरास बुक्क्याचा आणि तुळशीचा, जेजुरीस भंडाऱ्याचा, तर गळिताच्या हंगामात साखर कारखान्याच्या परिसरात मळीचा वास पाहुण्यास प्रथम भेटतो. गावाची घरे आणि माणसे नंतर. त्याच गावच्या रहिवाशास मात्र याविषयी विचारले, तर “कसला वास?” असा उलट प्रश्न बहुधा ऐकावयास मिळतो. दोघेही खरेच बोलत असतात. स्थळाशी जोडलेल्या आणि प्रवाशासच प्रामुख्याने जाणवणाऱ्या या वासास येथे सोयीसाठी ‘स्थलगंध’ म्हटले आहे. त्याचा अनुभव मराठी भाषा कोणत्या साधनांनी शब्दांत उतरवते आणि तिची साधने कोठे अपुरी पडतात, याचा विचार करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम रहिवाशाच्या नाकाविषयी. नासिकापोकळीच्या वरच्या भागातील चेतापेशींवर गंधद्रव्यांचे रेणू ओळखणारी ग्राहके असतात. त्यांच्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात या ग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार कार्यक्षम असतात. एकच गंध सतत येत राहिला की या पेशींचा प्रतिसाद काही मिनिटांतच मंदावतो, आणि मेंदूही त्या गंधाची दखल घेणे सोडून देतो. दीर्घ वास्तव्याने ही सवय अधिक खोल होते. म्हणूनच महिनाभर बाहेरगावी राहून परतलेल्या माणसास स्वतःच्या घराचे कुलूप काढताच घराचा वास येतो आणि दिवस मावळण्यापूर्वी तो नाहीसा होतो. तात्पर्य, स्थलगंध हा केवळ स्थळाचा गुण नव्हे; सुटलेले गाव आणि गाठलेले गाव यांमधील अंतर त्यात मोजले जाते. भाषिक चिन्हाचे मूल्य अन्य चिन्हांशी असलेल्या भेदातून निष्पन्न होते, हा सोस्यूरचा सिद्धान्त वाचकांस येथे आठवल्यास ते अप्रस्तुत होणार नाही.

मराठीच्या वाक्यरचनेत या अनुभवाची एक खूण आहे. डोंगर ‘दिसतो’, पण वास ‘येतो’. ज्यास तो जाणवतो तो चतुर्थीत राहतो : ‘पाहुण्यास वास आला’. कर्तृत्व वासाकडे आणि गतीही वासाकडेच. (आवाजही ‘येतो’, तेव्हा हा गंधाचा एकट्याचा मान नव्हे.) माणूस जेव्हा स्वतः होऊन हुंगतो तेव्हाच तो वास ‘घेतो’. याशिवाय वास सुटतो, पसरतो, दरवळतो, नाकात भरतो, मांजरास दुधाचा वास लागतो, आणि नासलेला पदार्थ तर वास ‘मारतो’. गाडीत बसून चाललेला प्रवासी वस्तुतः गावाकडे जात असतो, तरी भाषेच्या दृष्टीने गावच वासाच्या रूपाने त्यास सामोरे येते.

‘वास’ या शब्दाविषयी येथेच एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. गंध या अर्थाचा ‘वास’ आणि निवास, वनवास यांतील ‘वास’ यांचा मेळ घालून “जेथे वास तेथे वास” अशी व्युत्पत्ती सुचविण्याचा मोह या विषयावर लिहिणाऱ्यास हटकून होतो. मोनियर-विल्यम्स आणि टर्नर या दोघांच्याही कोशांत हे शब्द स्वतंत्र नोंदींखाली दिले आहेत. ध्वनिसाम्य रमणीय आहे. पुराव्याचे काम त्याच्याकडून करून घेता येणार नाही.

अर्थाच्या प्रवासाच्या दृष्टीने अधिक बोलका शब्द म्हणजे ‘घाण’. संस्कृत ‘घ्राण’ म्हणजे वास घेण्याची क्रिया, किंवा ती करणारे इंद्रिय. पालीतील ‘घान’ हे नाकच आहे. मराठीत येईपर्यंत ‘घाण’ या शब्दास दुर्गंध हा अर्थ चिकटला, आणि पुढे वासाचा संबंधही सुटून तो निव्वळ मळाचा वाचक झाला. डोळ्यांनी दिसणारी घाण ही आज मराठी भाषकास विसंगत वाटत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. आरंभी दिलेली उदाहरणे पाहिली तर त्या प्रत्येकात वासाचे नाव हे वस्तूचे नाव आहे. बोंबलाचा, बुक्क्याचा, मळीचा असे षष्ठ्यन्त पद आणि त्यापुढे ‘वास’. वासाचा प्रकार कोणता हे भाषा सांगत नाही. तो कोठून आला एवढेच सांगते. जगातील बहुसंख्य परिचित भाषांची रीत हीच आहे, आणि ती अर्वाचीनही नाही. प्रवासातील स्थलगंधांचे संस्कृतातील सर्वांत संपन्न वर्णन ‘मेघदूता’च्या पूर्वार्धात आहे. कालिदासाच्या मेघास ताज्या नांगरटीने सुगंधित झालेले माळ नावाचे क्षेत्र लागते. विदिशेजवळच्या नीच पर्वताच्या गुहांतून विलासिनींच्या अंगरागाचा परिमल बाहेर पडत असतो. उज्जयिनीस पहाटे शिप्रेवरून कमळांचा आमोद घेऊन वारा येतो, गवाक्षांतून केसांना दिलेल्या धूपाचा धूर येतो. महाकालाजवळची नदी तर नावानेच गंधवती आहे. पुढे देवगिरीच्या वाटेवर मेघाच्या स्वतःच्याच सरींनी सुटलेला मातीचा गंध आहे. धूर, तेज, पाणी आणि वारा यांच्या मिश्रणास निरोप कसा कळणार, अशी शंका कवीने काव्यारंभीच काढली आहे. त्यास वास कसा कळणार, ही शंका मात्र त्यास शिवलेली दिसत नाही.

या वर्णनांतही प्रत्येक गंधाचा उगम वस्तूतच सांगितला आहे. परंतु ‘परिमल’ आणि ‘आमोद’ हे दोन शब्द कालिदासाने नेमके योजले आहेत, हे अमरकोश उघडल्यावर ध्यानात येते. अमरसिंहाच्या मते घासण्याचुरडण्यातून उत्पन्न होतो तो परिमल, आणि दूरवर पोचतो तो आमोद. अंगरागास पहिला शब्द आणि वाऱ्यावरून आलेल्या कमळगंधास दुसरा, अशीच कवीची योजना आहे. दूर जाणाऱ्या गंधासाठी ‘निर्हारी’ हे विशेषणही त्याच कोशात आहे. म्हणजे गंध कशाचा यापलीकडे तो कसा उपजतो आणि किती लांब जातो, असे दोन निकष संस्कृत कोशकारास उपलब्ध होते. मराठीने परिमळ ठेवला, पण त्यातील चुरडण्याची अट सोडून दिली. आमोद ठेवला तो ‘आमोदप्रमोद’ या जोडीत, म्हणजे गंध काढून घेऊन.

मग मराठीने स्वतः काय मिळवले? येथे सामग्री विपुल आहे, आणि ती ग्रंथांपेक्षा स्वयंपाकघरात अधिक आढळते. खवट, करपट, ओशट, कुबट या विशेषणांपासून खवटाण, करपटाण, ओशटाण, कुबटाण अशी स्त्रीलिंगी नामे होतात. चिंधी जळाल्याच्या वासास ‘चिरगुटाण’ हे नाव तर ‘चिरगूट’ या नामापासून थेट बनले आहे. या जातीचे शब्द मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात आढळतात. यांतील ‘-आण’ हा अवयव ‘घाण’ या शब्दाचाच झिजलेला अवशेष असावा, असे मानण्यास ध्वनिनियमांची आडकाठी नाही. मेघाचा ‘मेह’ आणि लघूचा ‘लहु’ होताना दोन स्वरांमधील घ चा ह प्राकृतात नित्य होतो, आणि समासाच्या उत्तरपदातील असा ह पुढे लोपणे अशक्य नाही. सर्व रूपांचे स्त्रीलिंगही ‘घाण’शी जुळते. अवशेष असो वा नसो, आजच्या मराठीच्या दृष्टीने हा वासाचा वाचक असा प्रत्यय आहे, आणि अशी सोय फार थोड्या भाषांत असेल.

परंतु या प्रत्ययाची निवड लक्षात घेण्यासारखी आहे. तो केवळ नकोशा वासांना लागतो. मोगऱ्याच्या किंवा केवड्याच्या वासास ‘-आण’ लावून नाम करता येत नाही. चांगल्या वासांसाठी मराठीजवळ सुवास, सुगंध, दरवळ, घमघमाट हे शब्द आहेत. त्यांतून वास चांगला आहे आणि किती पसरला आहे एवढे कळते, कोणत्या जातीचा आहे ते कळत नाही. मोगरा घमघमतो तसाच आमरसही घमघमतो. ‘खमंग’ हा एक ठळक अपवाद. भाजणी, फोडणी, भाजलेले शेंगदाणे यांना तो लागतो आणि फुलास कधीच लागत नाही. तो वासाची जात सांगतो. पण तोही चुलीपाशीच जन्मलेला आहे. दुर्गंधाचे प्रकार ओळखणारी आणि सुगंधाची केवळ मात्रा मोजणारी ही शब्दव्यवस्था कशाने घडली असावी?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास मराठीबाहेरच्या दोन अभ्यासांचे साहाय्य होते. मलाय द्वीपकल्पाच्या अरण्यात राहणाऱ्या जहाई लोकांच्या भाषेत वासाची जात सांगणारी सुमारे डझनभर क्रियापदे आहेत, असे आसिफा माजिद आणि निक्लास ब्युरेनहुल्ट यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले. जहाई आणि इंग्रजी भाषकांपुढे त्यांनी दालचिनी, टर्पेंटाइन, लिंबू, धूर, साबण, कांदा असे वास आणि रंगांचे नमुने ठेवले. इंग्रजी भाषकांनी रंगांची नावे चटकन सांगितली, पण वासांसाठी लांबलचक आणि एकमेकांशी न जुळणारी उत्तरे दिली; जहाई भाषकांनी वासांची नावेही रंगांइतक्याच सहजतेने आणि एकवाक्यतेने दिली. पुढे २०१८ मध्ये माजिद आणि निकोल क्रुस्पे यांनी याच प्रदेशातील दोन शेजारी समाज तपासले. सेमाक बेरी हे शिकार आणि कंदमुळे यांवर जगणारे, सेमेलाई हे फिरती शेती करणारे. दोघांच्या भाषा एकाच कुलातील आणि अरण्यही एकाच प्रकारचे. वासांना रंगांइतकी सहज नावे देता आली ती सेमाक बेरींना. सेमेलाईंना रंग सोपे गेले, वास अवघड. तेव्हा निसर्ग किंवा भाषाकुल यांपेक्षा उपजीविकेची रीत येथे निर्णायक दिसते.

जहाईंच्या शब्दांपैकी दोन मराठी अभ्यासकाने मुद्दाम पाहावेत असे आहेत. एक, वाघास ओढून आणणारा म्हणून भय वाटणारा रक्ताचा कच्चा वास. खारीचे रक्त किंवा चिरडलेली ऊ यांस तो असतो. कच्च्या मांसाच्या वासास ‘विस्र’ असा स्वतंत्र शब्द अमरकोशातही आहे, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. दुसरा शब्द जुनी घरे, आळिंबी आणि शिळे अन्न यांच्या वासाचा. मराठी वाचकास तो ओळखण्यास भाषांतराची गरज नाही. तो ‘कुबट’ होय.

या सर्वांतून निघणारे अनुमान असे. वासाची जात सांगणारा शब्द बहुधा तेथे निपजतो जेथे वास आल्याबरोबर काही करावे लागते. जहाईंच्या अरण्यात रक्ताच्या वासाने सावध व्हावे लागते. मराठी घरात करपटाण आली की पातेले उतरवावे लागते, खवटाण आली की तेल बाजूस काढावे लागते, ओशटाण राहिली की भांडे पुन्हा राखेने घासावे लागते, आणि चिरगुटाण आली की घरातील सर्वांनी उठून कोणाचे पदर-पांघरूण निखाऱ्यावर पडले ते पाहावे लागते. खमंग वास आला की फोडणीस पुढचा पदार्थ घालण्याची वेळ झालेली असते. हे शब्द वर्णनासाठी कमी आणि इशाऱ्यासाठी अधिक आहेत. घर सांभाळणाऱ्या स्त्रियांच्या दक्षतेने ते भाषेस दिले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. कोशकारांनी अशा शब्दांना ‘ग्राम्य’ म्हणून दुय्यम लेखण्याची सवय सोडली पाहिजे.

स्थलगंध असा कोणताही इशारा देत नाही. पंढरपुरास बुक्क्याचा वास आला म्हणून वारकऱ्यास काही निराळे करावयाचे नसते. तो जे करण्यास आला तेच तो करतो. प्रवाशाच्या वासास स्वतंत्र शब्द नाही, याचे कारण त्याचे मोल कमी आहे असे नसून त्याच्यावर कोणतेही काम अवलंबून नाही, हे आहे. अपवाद पुन्हा ‘कुबट’ आणि त्याचा शेजारी ‘कोंदट’. हेच मराठीतील खरेखुरे स्थलवाचक गंधशब्द. बंद खोली, पावसाळ्यातील कपाट, धर्मशाळेतील गाद्या, जुने ग्रंथालय यांपैकी कशासही ते लागतात आणि उगमाची वस्तू सांगत बसत नाहीत. आणि ते ऐकताच कोणीतरी उठून खिडकी उघडतो.

मातीच्या वासाची कथा या चौकटीत मनोरंजक ठरते. वळवाच्या पहिल्या सरीबरोबर सुटणारा हा वास सर्व महाराष्ट्रास परिचित. तरीही त्याचे मराठी नाव ‘मातीचा वास’ एवढेच आहे. ‘मृद्गंध’ हा शब्द संस्कृत घटकांचा. विंदा करंदीकरांच्या १९५४ च्या काव्यसंग्रहाचे ते नाव असल्याने तो वाङ्मयप्रेमी वाचकांच्या विशेष परिचयाचा झाला. बोलण्यात तो क्वचितच येतो. न्याय-वैशेषिकांनी तर गंध हा पृथ्वीचाच विशेष गुण मानला आणि पाण्यास वास आला तर तो त्यात मिसळलेल्या पार्थिव अंशाचा, असे ठरविले. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातील इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी ‘नेचर’मध्ये या वासाची मीमांसा केली. कोरड्या ऋतूत दगडमातीत शोषून राहिलेली तेलासारखी द्रव्ये ओलाव्याने मोकळी होतात, असे त्यांचे प्रतिपादन होते, आणि त्या द्रव्यांस त्यांनी ग्रीक शब्दांवरून ‘पेट्रिकोर’ हे नाव घडवले. पुढच्याच वर्षी नॅन्सी गर्बर आणि ह्यूबर्ट लेशेव्हालिए यांनी जमिनीतील सूक्ष्मजीव निर्माण करीत असलेले ‘जिओस्मिन’ हे द्रव्य वेगळे केले. ते हवेत अत्यल्प असले तरी माणसाच्या नाकास कळते. बेअर आणि थॉमस यांनी आपल्या लेखात उत्तर प्रदेशातील अत्तरकारांची दखल घेतली आहे, कारण विज्ञानाने नाव देण्यापूर्वीच कनौजचे कारागीर भाजलेल्या मातीचा वास ऊर्ध्वपातनाने चंदनाच्या तेलात उतरवीत होते. त्या अत्तरास ते काय म्हणतात? मिट्टी अत्तर. एक स्थलगंध कुपीत भरून विकण्याइतका हस्तगत झाला, तरी त्याचे नाव वस्तूच्या नावापलीकडे गेले नाही.

वस्तूच्या नावावर अवलंबून राहण्याचा तोटा वस्तू गेल्यावर कळतो. मुंबईच्या पश्चिम मार्गावरून जाणाऱ्या लोकलमध्ये पार्ले आले हे कित्येक पिढ्यांनी बिस्किटे भाजल्याच्या वासाने ओळखले. गावाने कारखान्यास आपले नाव दिले होते आणि कारखान्याने गावास आपला वास दिला. १९२९ मध्ये स्थापन झालेला तो कारखाना २०१६ मध्ये बंद पडला. ‘पार्ल्याचा वास’ हा शब्दप्रयोग आज ज्याने तो घेतला त्याच्यापुरताच सार्थ आहे. नवख्या श्रोत्यास तो समजावून सांगण्यास ‘भाजका’, ‘गोडसर’ यांपलीकडे भाषेत काही नाही. रंगाचे असे होत नाही. पाडलेल्या वाड्याचा दरवाजा तांबडा होता, एवढे सांगितल्याने दरवाजा न पाहिलेल्या माणसासही पुष्कळ कळते.

दुसरीकडे, जे शब्द वासाची जात सांगत होते त्यांचे प्रसंगच उणे होत आहेत. चूल, निखारे, कंदील आणि चिमणी घरातून गेल्यावर चिरगुटाण कोणास सांगावयाची? शहरी विद्यार्थ्यांपैकी अनेकांस हा शब्द कोशातच प्रथम भेटतो. प्रवासाची रीतही पालटली. कोळशाची इंजिने १९९० च्या दशकात नित्य वाहतुकीतून मागे घेण्यात आली, त्यांच्याबरोबर डोळ्यात जाणारी कोळशाची कणी आणि तिचा वासही गेला. त्याबद्दल फारसे कोणी हळहळणार नाही. परंतु वातानुकूलित डब्याच्या बंद काचेआडून जाणाऱ्या उतारूस कसारा घाटातील ओल्या रानाचा, वरूड-मोर्शीकडील संत्र्याच्या बहराचा किंवा गुऱ्हाळावरील काहिलीचा वास येण्याचा मार्गच राहिलेला नाही. तो शेवटच्या स्थानकावर उतरतो तेव्हा स्थलगंध त्यास एकच भेटतो, आणि तोही पुष्कळदा डिझेलचा.

या शब्दांची क्षेत्रीय पाहणी करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी दोन सूचना उपयुक्त ठरतील. ‘तुमच्याकडे वासासाठी कोणते शब्द आहेत’ असे सरळ विचारल्यास ‘सुवास’ आणि ‘दुर्गंध’ हेच दोन शब्द मिळतात, कारण प्रश्नाची भाषा ग्रांथिक असते आणि उत्तरही तसेच येते. त्याऐवजी प्रसंग सांगावा : दूध लागले, चिंधी पेटली, मासळीचे टोपले धुवायचे राहिले, पेव उघडले, गोधडी पावसात भिजून घडीतच राहिली, आणि अशा वेळी घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया काय म्हणत, ते ऐकावे. दुसरी सूचना निवेदकाच्या निवडीविषयी आहे. भाषिक पाहणीत जन्मापासून एकाच गावी राहिलेला निवेदक सर्वांत विश्वसनीय मानण्याची पद्धत आहे, आणि अन्य शब्दक्षेत्रांत ती योग्यच आहे. गावाच्या वासाविषयी मात्र त्याच्याकडून काहीच मिळणार नाही. त्यासाठी गेल्या महिन्यात लग्न होऊन आलेली सून, बदलीवर आलेला मास्तर, किंवा दिवाळीस मुंबईहून परतलेला गिरणीकामगाराचा मुलगा गाठावा, आणि तोही उतरल्याच्या दिवशीच.